मोर्दवा परंपरेतला 'ओयमे' आणि चाळिसाव्या दिवशी घरी येणारा मृत

सुराकाठ (धागाकर्ता)

वोल्गाच्या मधल्या खोऱ्यात, ओका आणि सुरा या नद्यांच्या दरम्यान, एर्ज्या आणि मोक्शा हे दोन भाऊबंद समाज राहतात. रशियन लोक दोघांना मिळून मोर्दवा म्हणतात. भाषा फिनो-उग्रिक कुळातल्या, एकमेकींच्या जवळच्या पण वेगळ्या. सारान्स्क ही मोर्दोविया प्रजासत्ताकाची राजधानी असली, तरी बरेच लोक पेन्झा, समारा, निझ्नी नोवगोरोद, उल्यानोव्स्क, ओरेनबर्ग अशा प्रांतांत विखुरले आहेत. रशियन जनगणनेत २०१० साली स्वतःला मोर्दवा म्हणवणारे सुमारे ७,४४,००० होते, २०२१ साली सुमारे ४,८४,०००.

या लोकांच्या आत्म्याविषयीच्या समजुतींवर जे थोडं लिहिलं जातं, त्यात बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: 'आत्मा श्वासाबरोबर निघून जातो आणि पक्षी किंवा फुलपाखरू होतो.' हे खरं आहे, पण ही फक्त सुरुवात झाली. मोर्दवा घरातले विधी पाहिले तर त्यांचा रोख निघून गेलेल्या श्वासाकडे कमी आणि मागे उरलेल्या माणसाकडे जास्त आहे. तो माणूस जेवतो, न्हातो, कपडे मागतो, भांडण मिटवतो, शेताकडे लक्ष ठेवतो.

तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर चित्र स्पष्ट होतं.

ओयमे (मोक्शात वायमे) म्हणजे प्राण, श्वासातलं चैतन्य. मरताना ती तोंडावाटे वाफेसारखी बाहेर पडते. म्हणून मरणाऱ्याजवळ खिडकीत पाण्याची वाटी ठेवायची आणि टॉवेल टांगायचा, म्हणजे निघताना ती न्हाऊन घेईल आणि अंग पुसेल.

चोपाचा म्हणजे मृताची दिसणारी आकृती, छाया. स्वप्नात येते ती ही, अंधारात कुणाला दिसते तीही ही. तिची भीती वाटते. ओयमेची कुणाला भीती वाटत नाही.

तिसरा म्हणजे खुद्द मृत माणूस. तो 'तोना ची'मध्ये, त्या पलीकडच्या जगात, आपल्या आधी गेलेल्या नातलगांच्या शेजारी घर करून राहतो. तिथे गाव आहे, शेती आहे, गुरं आहेत. एर्ज्या या सगळ्यांना 'पोक्श्त्यात-बाबात' म्हणतात, मोक्शा 'आत्यात-बाबात': आजोबा आणि आज्या.

या तिसऱ्याकडे दुर्लक्ष झालं की बाकीच्या विधींचा अर्थच लागत नाही.

---

केतकी_म

उत्तम धागा. एक शंका. तुम्ही तीन म्हणता, पण जुन्या युरोपीय अभ्यासकांच्या लेखनात मोर्दवांसाठी 'दोन आत्मे' अशी मांडणी असते: एक श्वासाचा, एक छायेचा. मग तिसरा कुठून आला? तुम्ही मृताच्या देहालाच वेगळी गोष्ट धरताय का?

---

सुराकाठ

@केतकी_म, देहाला नाही. द्विआत्म्याची मांडणी अभ्यासकांची आहे. उत्तर युरेशियातल्या अनेक समाजांना एका कोष्टकात बसवण्यासाठी ती सोयीची पडली. श्वास आणि छाया हा भेद मोर्दवांतही आहेच. पण विलाप ऐका, एर्ज्यात त्याला 'उर्नेमा' म्हणतात. विलाप करणारी बाई ओयमेला उद्देशून बोलत नाही. ती बोलते बापाशी, मुलीशी, नवऱ्याशी. सकाळी ती त्याला 'ऊठ' म्हणून हाक मारते. वर गेलेल्या आईला निरोप सांग म्हणते. आजोबा-आज्यांना विनवते की याला सामोरे या, याचा हात धरा, तुमच्यात जागा द्या. या विनवण्या एका पूर्ण माणसासाठी आहेत. त्या माणसाला 'छाया-आत्मा' म्हटलं की त्याचं जेवण, कपडे आणि घर हे सगळं प्रतीक होऊन जातं. करणाऱ्यांसाठी ते प्रतीक नव्हतं.

---

अवधूत जी

शवपेटीत काय ठेवतात त्यावरूनही हे दिसतं. पुरुषाबरोबर चाकू आणि सालीची पायताणं विणायचा वाकडा टोचा. एर्ज्या या पायताणांना 'कार्त' म्हणतात. लिंडन किंवा एल्मच्या आतल्या सालीच्या पट्ट्या तिरप्या विणीत गुंफून ती बनतात. ती लवकर झिजतात, म्हणून तिथे गेल्यावर माणसाला नवी विणावी लागणार. तयार जोड देऊन भागत नाही, हत्यारही द्यावं लागतं. बाईबरोबर सुई-दोरा, चाती, कापड. सोबत भाकरी आणि मीठ.

खड्ड्यात नाणी टाकतात. ती वाटखर्चासाठी आहेत असं समजणारे चुकतात. ती जागेची किंमत आहे. स्मशानातली जमीन आधीच्या मृतांच्या मालकीची, नव्या माणसाने ती विकत घ्यायची. न घेता बसला तर तो तिथे उपरा.

आणि त्या जागेचा प्रमुख असतो 'काल्मोन किर्दी', स्मशानाचा धारक. हा देव नव्हे. त्या स्मशानात सर्वांत आधी पुरला गेलेला माणूस तो. प्रत्येक स्मशानाचा धारक वेगळा. मृतांना जेवायला बोलावताना त्याचं नाव आधी घ्यायचं, नवीन आलेल्याला त्याच्या हवाली करायचं. पलीकडच्या जगाचा एकच यमराज असावा अशी अपेक्षा धरून शोधणाऱ्यांची इथे फसगत होते, कारण हे राज्य गावागावाचं आहे.

---

मृणाल

मोक्शा आणि आपला 'मोक्ष' यांचा काही संबंध? कुणीतरी विचारणारच, म्हणून विचारून टाकते.

---

सुराकाठ

नाही. मोक्शा हे ओकाला मिळणाऱ्या नदीचं नाव आहे, त्यावरून समाजाचं. १२५३ साली या प्रदेशाच्या दक्षिणेकडून मंगोल दरबाराकडे निघालेल्या रुब्रुकच्या विल्यम या युरोपीय साधूने या लोकांची 'मोक्सेल' म्हणून नोंद केली आहे. संस्कृतशी काही देणंघेणं नाही.

---

केतकी_म

आता शीर्षकातल्या चाळिसाव्या दिवसाबद्दल सविस्तर लिहाल का? मी 'वास्तोझाय' हा शब्द वाचलाय, पण क्रम नीट कळला नाही.

---

टिपणवही

मी लिहितो. मोर्दवांच्या मृत्यूविषयक समजुतींचा गाभा मला इथेच दिसतो, म्हणून जरा लांबण लावतो.

चाळीस दिवस मृत घरातच असतो असं धरलं जातं. जेवणाच्या वेळी त्याचं ताट आणि चमचा मांडतात. चाळिसाव्या दिवशी त्याला शेवटचं घरी आणायचं, मान द्यायचा आणि रीतसर पोचवायचं. त्यासाठी लागतो बदली माणूस. मोक्शात तो 'वास्तोझाय' म्हणजे जागेवर बसणारा, एर्ज्यात 'एझेमोझाय' म्हणजे बाकावर बसणारा. बाक कुठला? घरातल्या मानाच्या कोपऱ्यातला, जिथे एरवी घरचा कर्ता बसतो.

निवड नीट करतात. लिंग तेच हवं, वय जवळपासचं, आणि चेहरेपट्टी किंवा अंगकाठी शक्य तितकी मृतासारखी. नात्यातला किंवा दोस्तांपैकी कुणी असतो.

आदल्या संध्याकाळी नातलग खाणं-पिणं घेऊन स्मशानात जातात आणि मृताला घरी बोलावतात. त्याच्यासाठी वाफेचं न्हाणीघर तापवलेलं असतं. आत गरम पाणी, बर्चच्या डहाळ्यांची जुडी, धुतलेला सदरा. गावातल्या जिवंत माणसाच्या अंघोळीला जे जे लागतं ते सगळं. अंथरूणही घालून ठेवतात.

मग बदली माणूस मृताचे कपडे चढवतो आणि उशी घातलेल्या बाकावर बसतो. इथून पुढे त्याला कुणीही त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारत नाही. बायको त्याला नवरा म्हणते, मुलं बाप म्हणतात, आणि सगळे वाकून नमस्कार करतात. त्याला आधी वाढतात. लोक विचारतात: तिकडे कसं आहे? कोण कोण भेटलं? पीक कसं आहे? तो सांगतो की अमका तिकडे चांगला आहे, अमक्याकडे गुरं भरपूर आहेत, तमक्याचे अजून हाल आहेत. मग तो घरच्यांना बजावतो: भांडू नका, गुरांची काळजी घ्या, म्हातारीला सांभाळा. हे बोलणं हलकं घेत नसत. वाटणीवरून कुरबुरणाऱ्या भावांना बापाच्या जागेवर बसलेला माणूस बापाच्या कपड्यांत काही सांगतो, तेव्हा त्याला सगळ्या गावासमोर नाही म्हणणं अवघड असतं.

रात्रभर जेवण आणि विलाप चालतात. पहाट झाली की निरोप. त्याला गाडीत बसवून स्मशानात नेतात, थडग्यापाशी पुन्हा सगळे मिळून खातात, तो एकेकाचा निरोप घेतो, आता रडू नका म्हणतो. कपडे उतरले की काम संपलं. परत येतो तो स्वतःच्या नावाचा माणूस.

हे नाटक नव्हे. 'सोंग' हा शब्दही मी वापरणार नाही. त्या रात्री मृत माणूस खरोखर बाकावर बसलेला आहे, त्याला फक्त देह उसना दिलेला आहे, अशी ती धारणा. ओयमे निघून जाऊन चाळीस दिवस झालेले असतात. तरी जो येतो, जेवतो आणि बोलतो तो आहेच. धागाकर्त्याच्या तिसऱ्या मुद्द्याला याहून बळकट आधार नाही.

---

अवधूत जी

@टिपणवही, सुरेख. एक भर. अविवाहित मुलगी गेली तर तिच्या विलापात आणि नंतरच्या विधींत लग्नाची गाणी मिसळतात. एर्ज्या लग्नात वधू स्वतः रडगाणी गाते, म्हणून दोन्ही प्रकार चालीने आणि शब्दकळेने आधीपासूनच जवळचे आहेत. पण हे जोडणं सोयीपोटी झालेलं नाही. पलीकडच्या गावात तिला पूर्ण बाई म्हणून जगायचं आहे, आणि लग्नावाचून ती तिथेही अपुरी राहील, ही काळजी त्यामागे आहे.

---

मृणाल

चाळीस, नऊ, तीन हे दिवस मुळात ऑर्थोडॉक्स चर्चचे ना? मग यातलं जुनं किती आणि आलेलं किती?

---

टिपणवही

आकडे चर्चचेच. मोठ्या प्रमाणावर धर्मांतर झालं ते १७४० ते १७६४ या काळात, कझानजवळ स्वियाझ्स्क इथल्या नवख्रिस्ती कचेरीच्या अमलात. करमाफी, लष्करभरतीतून सूट आणि धाक ही तिन्ही साधनं वापरली गेली. त्यानंतर विधींना चर्चच्या तारखा मिळाल्या. पण त्या तारखांना जे केलं जातं, म्हणजे बदली माणूस, मृतासाठी न्हाणीघर, स्मशानधारकाला आमंत्रण, ते चर्चने दिलेलं नाही. उलट पाद्र्यांचा या गोष्टींना विरोधच होता.

वार्षिक दिवसही असेच जुळलेले आहेत. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात पूर्वजांसाठी न्हाणीघर तापतं. ईस्टरनंतरच्या सातव्या गुरुवारी सेमीक, हाही मृतांच्या स्मरणाचा दिवस. शरद ऋतूत द्मित्री शनिवार, जुन्या कॅलेंडरच्या २६ ऑक्टोबरच्या, म्हणजे आजच्या ८ नोव्हेंबरच्या आधीचा शनिवार. तोवर कापणी-मळणी उरकलेली असते आणि कोठारात धान्य असतं, म्हणून पूर्वजांना सढळ हाताने देता येतं.

---

सुराकाठ

विरोध कुठवर गेला याचं एक उदाहरण इतिहासात पक्कं नोंदलेलं आहे. १७४३ साली निझ्नी नोवगोरोदचे बिशप द्मित्री सेचेनोव तेर्युशेवो भागातल्या सार्लेय गावी आले आणि चर्चजवळचं मोर्दवांचं जुनं स्मशान त्यांनी उद्ध्वस्त करवलं. गावकरी चालून गेले. बिशपना पाद्र्याच्या घराच्या तळघरात लपावं लागलं. तिथून जो उठाव पेटला तो १७४५ पर्यंत चालला आणि सैन्य पाठवून मोडावा लागला. पुढाऱ्यांपैकी नेस्मेयान क्रिवोय याला जिवंत जाळलं.

करांचा आणि जमीनदारांचा जाच आधीपासून होताच, तरी ठिणगी स्मशानाने पडली. थडग्यांवर मोर्दवा लहान ओंडक्यांची घरकुलं उभारत, खऱ्या घरासारखी. ती मोडणं म्हणजे आजोबांचं राहतं घर मोडणं. 'आत्मा स्वर्गात गेला, खाली नुसती माती आहे' असं मानणाऱ्याला हा संताप उमगणार नाही.

---

पद्मनाभ७

आत्म्याच्या उगमाची मूळ कथा कुणीच कशी दिली नाही? शैतान सत्त्याहत्तर देशांची माती, वाळू आणि चिकणमाती गोळा करून माणसाचा देह घडवतो, पण त्याला रूप येत नाही. तो उंदराला, ज्याला तेव्हा पंख होते, आकाशात पाठवतो. उंदीर चाम-पाझ देवाच्या टॉवेलात घरटं करतो, पिलांच्या वजनाने टॉवेल खाली येतो, शैतान त्याने देह पुसतो आणि देहाला देवाचं रूप येतं. पण जीव घालता येत नाही. तो देव घालतो. मग करार होतो: मेल्यावर आत्मा देवाचा, देह शैतानाचा. उंदराचे पंख शिक्षा म्हणून काढून घेतात. यात तर सगळं स्पष्ट आहे की.

---

टिपणवही

@पद्मनाभ७, कथा तुम्ही बरोबर सांगितलीत. रशियन लेखक मेल्निकोव यांनी १८६७ साली छापलेल्या लेखनातून ती सगळीकडे पसरली. पण मोर्दवांची आत्म्याची कल्पना हिच्यावर उभी करू नये. कारणं सांगतो.

एक म्हणजे, देव आणि सैतान मिळून माणूस घडवतात आणि शेवटी वाटणी करतात, हा ढाचा पूर्व युरोपातल्या स्लाव लोककथांमध्ये भरपूर सापडतो. टॉवेलाचा प्रसंगसुद्धा. दुसरं, मेल्निकोव कादंबरीकारही होते. त्यांनी मोर्दवांचा जो सुबक देवपरिवार मांडला, त्यावर नंतरच्या संशोधकांनी बऱ्याच शंका घेतल्या आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं हे की कथेतली वाटणी विधींशी जुळत नाही. 'देह सैतानाचा' असं खरंच मानलं असतं तर त्या देहासाठी न्हाणीघर कुणी तापवलं असतं? त्याला सुई-दोरा कशाला दिला असता?

कथा खोटी आहे असं मी म्हणत नाही. गावात ती सांगितली जात असेलच. पण समजूत काय होती हे ठरवताना चाळिसाव्या दिवशी घर काय करतं याला जास्त वजन द्यायला हवं.

---

पद्मनाभ७

पटलं. मग देवाचा आणि जीवाचा संबंध अजिबात नाही असं म्हणायचं का?

---

सुराकाठ

नाही, तसं नाही. एर्ज्यात निश्के आणि मोक्शात श्काय हा वरचा देव. जीव देणारा आणि आयुष्य ठरवणारा म्हणून त्याची प्रार्थना होतेच. पण रोजच्या व्यवहारात माणसाच्या प्राणाशी ज्यांची गाठ पडते त्या 'आवा', म्हणजे आया: मास्तोरावा भूमीची, वेद्यावा पाण्याची, विर्यावा रानाची, युर्तावा घर-अंगणाची.

आजाराचं एक ठरलेलं स्पष्टीकरण बघा. माणूस कुठेतरी आपटतो, त्यानंतर झिजायला लागतो, भूक जाते, झोप लागत नाही. निदान असं की ती जमीन दुखावली आणि तिने त्याला 'धरलं'. उपाय औषधाचा नाही. पडल्या जागी परत जायचं, नेमक्या त्याच जागी. सोबत वरीच्या जातीचे दाणे, नाणं, भाकरी. वाकून भूमीची माफी मागायची. पाण्यात पडून आजार जडला असेल तर हेच वेद्यावासाठी, काठावर. जागा चुकली तर उपयोग होत नाही, म्हणून आजारी माणसाला आधी खोदून खोदून विचारायचं: कुठे पडलास, कधी, कोणत्या बाजूवर.

---

केतकी_म

आणि पूर्वजांकडून येणारा त्रास?

---

टिपणवही

तो वेगळा ओळखतात. मृत स्वप्नात येऊन मागतो: भूक लागली, थंडी वाजते, पायात काही नाही. म्हणजे पुरताना काहीतरी राहून गेलं, किंवा एखादा ठरलेला दिवस चुकला. उपाय सरळ आहे. जे मागितलं ते द्यायचं. थडग्यावर ठेवायचं, किंवा त्याच्या नावाने दुसऱ्या कुणाला द्यायचं. गुरं मरायला लागली किंवा पीक बुडालं तरी संशय आधी इकडेच जातो.

अवघड गोष्ट आहे ती अकाली आणि वाईट रीतीने गेलेल्यांची: बुडालेले, गळफास घेतलेले, जादूटोणा करणारे. त्यांना आजोबा-आज्यांच्या गावात नीट जागा मिळत नाही. चोपाचा बनून फिरणारे मुख्यतः हेच. जादूटोणा करणाऱ्याचा प्राण सहज सुटत नाही, म्हणून छताची फळी सैल करायची रीत होती, ती रशियन शेजाऱ्यांकडेही आहे.

---

मृणाल

जेवणात नेमकं काय असतं?

---

अवधूत जी

'पुरे' आणि 'पाचाल्क्सेत' यांच्याशिवाय पूर्वजांचं पान पूर्ण होत नाही. पुरे म्हणजे मध आणि हॉप घालून आंबवलेलं पेय. पाचाल्क्सेत (मोक्शात पाचात) म्हणजे जाड घावन. रशियन ब्लिनी पातळ असतात, हे चांगले बोटभर जाड. पीठ प्रोसो मिलेटचं, आपल्या वरीच्या नात्यातलं धान्य. नुसत्या त्या पिठाला चिकटपणा नसतो, उलटताना घावन मोडतो. म्हणून आता थोडं गव्हाचं पीठ मिसळतात, यीस्ट घालून दुधात भिजवतात आणि चांगलं फुगू देतात. शिवाय अंडी, कोंबडी, वरीच्या दाण्यांची खीर. मोठ्या विधीला जनावर कापतात.

खाण्याइतकाच महत्त्वाचा 'श्तातोल', म्हणजे मेणाची मोठी मेणबत्ती. ही पूर्वजांच्या नावाने कुळाची असते, एका माणसाची नव्हे. विधीच्या वेळी ती पेटवतात आणि नंतर जपून ठेवतात.

---

पद्मनाभ७

पुरातत्त्वात यातलं काही दिसतं का?

---

टिपणवही

पहिल्या सहस्रकातल्या मोर्दवा दफनभूमी भरपूर खोदल्या गेल्या आहेत. तांबोव प्रांतातली ८ ते ११ व्या शतकांतली क्र्युकोवो-कुझ्नोवोची दफनभूमी त्यांतली एक मोठी. पुरुषांबरोबर कुऱ्हाडी आणि घोड्याचा साज, बायकांबरोबर वेणीची आवरणं, कानशिलाजवळची लोंबती लटकनं आणि 'स्युल्गामो' नावाच्या कपड्याच्या पिना. साधारण नियम असा की एर्ज्यांचं डोकं उत्तरेला आणि मोक्शांचं दक्षिणेला. त्यावरूनच जुन्या काळातले दोन गट वेगळे काढतात. अपवाद सापडतात, काही ठिकाणी दहनही आहे. ख्रिस्ती झाल्यावर डोकं पश्चिमेकडे आलं.

एवढं मात्र लक्षात ठेवा की थडग्यातल्या कुऱ्हाडीवरून माणसाला तिकडे काम करायचं होतं एवढं कळतं. ओयमे किंवा चोपाचा या कल्पना तेव्हा कशा होत्या हे हाडांवरून सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकातली गावं आणि आठव्या शतकातली थडगी सरळ एका रेषेत जोडणारे लेख सावधपणे वाचा.

---

केतकी_म

आज यातलं काय चालू आहे?

---

सुराकाठ

दोन वेगळे प्रवाह आहेत, ते मिसळू नयेत. गावातल्या घरांमध्ये स्मरणाचे दिवस, थडग्यावरचं जेवण आणि खिडकीतलं पाणी टिकून आहे, आणि ते करणारे स्वतःला ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीच मानतात. बदली माणसाचा विधी मात्र बहुतेक ठिकाणी ओसरला.

दुसरा प्रवाह पुनरुज्जीवनाचा. १९९९ पासून बोल्शोय इग्नातोवो जिल्ह्यातल्या चुकाली गावी 'रास्केन ओझ्क्स' हा एर्ज्यांचा सामूहिक प्रार्थनाविधी पुन्हा भरवला जातो. त्यात पूर्वजांच्या नावाने मोठा श्तातोल पेटवतात. तिथे बोलला जाणारा 'पूर्वज' हा अख्ख्या एर्ज्या लोकांचा पूर्वज आहे. जुन्या घरातला पूर्वज म्हणजे अमक्या स्मशानातले, अमक्या काल्मोन किर्दीच्या हाताखालचे, नावानिशी माहीत असलेले आजोबा. चुकालीतल्या छायाचित्रांवरून जुन्या घरातल्या समजुतींबद्दल लिहायचं असेल तर हा फरक आधी नोंदवा, आणि घरातलं काय होतं यासाठी उर्नेमांच्या संहितांकडे वळा. त्यांत मृताशी काय बोललं जातं ते शब्दशः सापडतं.